नववी ‘क’ची मटकीची उसळ

पाचशे माणसांचा स्वयंपाक मी डोळे मिटून करतो. चार माणसांचा करायला सांगा. डोळे उघडे ठेवून, चष्मा लावून, बायकोला बाजूला उभी करून केला तरी वाट लागते!

मी आचारी. मुलुंडच्या हॉलांमधली लग्नं, मुंजी, बारशी, कुठेही भात मऊ आणि जिलबी कडक झाली असेल तर समजा दिगंबर सावंत तिथे होता. (उलट झालं असेल तर मी गावाला गेलो होतो.) आमच्याकडे मापं तीन : घमेलं, बादली आणि ‘अजून थोडं’. एकदा मनीषा, म्हणजे आमची मंडळी, तापाने पडली म्हणून मी घरात चहा ठेवला. आम्ही माणसं चार. चहा बिल्डिंगच्या वॉचमनपर्यंत सगळ्यांनी प्यायला, वर समोरच्या गॅरेजवाल्याला किटली पाठवली. त्या दिवसापासून आमच्या किचनमध्ये मला पाणी प्यायलासुद्धा विचारून जावं लागतं.

शिक्षणाचं विचाराल तर मी सातवीपर्यंत शाळेत गेलो. पुढे मास्तरांनीच आमच्या वडिलांना हात जोडले.

आमच्या घरातलं सगळं डोकं गेलं माझ्या धाकट्या बहिणीला, सुलभाला. ती इथेच मुलुंडमध्ये एका शाळेत मुलांना स्वयंपाक आणि आहार शिकवते. नववीच्या मुलांना! पोरं-पोरी दोघांना! आमच्या वेळेला नववीतला मुलगा लाटणं बघायचा तो फक्त आईच्या हातात, आणि ते पण लांबून, पळता पळता. सुलभाची शाळेत तळमजल्याला एक खोली आहे. आठ ओटे, आठ शेगड्या, भिंतीवर डाळींची चित्रं. त्या खोलीवर तिचा इतका जीव की सुट्टीत जाऊन शेगड्या पुसते.

आणि त्या खोलीवरच गदा आली. शाळेच्या ट्रस्टींचं म्हणणं पडलं, आजकाल स्वयंपाक कोण शिकतो? मोबाइलवर बोट दाबलं की जेवण दारात! ते ओटे फोडा, खोलीत मोठा स्क्रीन लावा. हेडबाई, दळवी मॅडम, सुलभाच्या बाजूने भांडल्या. शेवटी ठरलं, शनिवारी ट्रस्टी स्वतः येऊन एक तास बघणार. पसंत पडला तर खोली राहील. नाही पडला तर मे महिन्यात ओटे फुटणार.

सुलभाने आठवडाभर तयारी केली. पोरांकडून इतकं घोकून घेतलं, इतकं बोलली, की गुरुवारी तिचा आवाजच गेला. बसला नाही, गेला! तोंड उघडलं की सायकलच्या ट्यूबमधून हवा सुटल्यासारखं फक्त ‘फुस्स’. डॉक्टर म्हणाले, सोमवारपर्यंत एक अक्षर बोलायचं नाही.

ती आमच्या घरी येऊन रडत बसली. ते पण बिनआवाजाचं. बघवेना.

आई माझ्याकडे बघून म्हणाली, “मेल्या, बघतंस काय? तुझो आवाज असो की हॉलात ओरडलंस तर स्टेशनार ऐकाक जाता. बहिणीक मदत करूक नको तुका?”

“मी? शाळेत?” मी म्हटलं. “आई, मला बघून शाळेची घंटा पडेल!”

सुलभाने रडता रडता जोरजोरात मान हलवली. मला वाटलं हो म्हणतेय. मनीषा म्हणाली, “अहो, ती नको म्हणतेय.” पण तोपर्यंत मी छाती पुढे काढली होती, आणि एकदा काढलेली छाती आत घ्यायची सवय नाही आपल्याला.

शेवटी तिचा पण इलाज नव्हता. तिने मोबाइलवर टाइप करून दाखवलं : ‘दादा, तोंड तुझं, बोलणं माझं. मी लिहीन तेवढंच बोलायचं. स्वतःचं काही नाही.’

“झकास!” मी म्हटलं. “मी म्हणजे लाउडस्पीकर.”

तिने टाइप केलं : ‘एक किलो मटकी भिजव.’

एक किलो! आठ ओटे, चाळीस पोरं, वर पाहुणे, आणि एक किलो? गुपचूप सहा किलो भिजवली. आपल्या बहिणीच्या तासाला उसळ कमी पडता कामा नये. शुक्रवारी रात्रीपर्यंत मटकीला असे मोड फुटले, असे मोड फुटले, की बांधायला घरातली फडकी संपली. मनीषाची एक ओढणी घेतली. नंतर कळलं ती नवीन होती. तो विषय आपण इथे काढायचा नाही.

शनिवारी सकाळी मी टेंपोतून शाळेत पोचलो. मटकी, माझा झारा, माझा मोठा टोप आणि माझी लग्नातली मोठी शेगडी. टोपाशिवाय मला हात नसल्यासारखं वाटतं. सुलभाने टोप बघून कपाळावर हात मारला आणि तो कोपऱ्यात ठेवायला लावला.

फळ्यावर तिने मोठ्या अक्षरात विषय लिहिला होता : ‘मीठ कमी, पोषण जास्त.’

पोरं एकदम शिस्तीत. डोक्याला रुमाल, पुढे एप्रन, प्रत्येक ओट्याला पाच. मी आत गेलो तर चाळीसच्या चाळीस उभी राहिली. “गुड मॉर्निंग, सऽऽर!”

सर! मला! माझ्या अंगावर काटा आला. आजपर्यंत मला ‘ओ सावंत, आमटी संपली’ याच्यापुढे कोणी हाक मारली नव्हती.

सुरुवात बरी झाली. सुलभा टाइप करायची, मोबाइल माझ्या समोर धरायची, मी मोठ्याने बोलायचो. फक्त एक अडचण. माझं वाचन म्हणजे मालगाडी. “मो... ड... आ... ले... ल्या...” असं करत मी ‘कडधान्यात’पर्यंत पोचेपर्यंत आठही शेगड्यांवरची मोहरी काळी पडली. पोरं खोकायला लागली. खिडक्या उघडा, पंखे लावा, पुन्हा तेल टाका!

तेवढ्यात शिपाई आला. “बाई, पाहुणे आले. ऑफिसात बोलावलंय.”

सुलभाने माझ्याकडे बघितलं. हरणाने वाघाकडे बघावं तसं. मग पटकन टाइप केलं : ‘मटकी फोडणीत टाकायला सांग. बाकी कशाला हात लावू नकोस. मी आलेच.’ आणि गेली.

आता मला सांगा, आचाऱ्याला शेगडीपुढे उभं करायचं आणि हात लावू नको म्हणायचं! मी आठ ओट्यांवरून एक फेरी मारली. मटकी पडली, परतली, पाणी पडलं. सगळं कसं ढिम्म. आवाज नाही, पळापळ नाही. माझ्याने राहवेना. शिजायला लवकर म्हणून प्रत्येक भांड्यात मी चिमूटभर सोडा टाकत गेलो. आमचं सवयीचं आहे ते. भांड्यांतलं पाणी जास्त वाटलं, ते ओतून टाकायला लावलं. आणि मग ओरडलो,

“मीठ घाला रे!”

आता आमच्या धंद्यातली गोष्ट तुम्हाला सांगायला पाहिजे. लग्नाच्या भटारखान्यात एका बाजूला बँड, एका बाजूला भटजींचा माइक, आणि माझ्या हाताखालच्या चारही पोरांच्या कानात ती वायरची बोंडं. एकदा सांगितलं तर कोणाला ऐकू जात नाही. दोनदा सांगितलं तर ऐकू जातं पण कोणी हलत नाही. म्हणून मी प्रत्येक गोष्ट चार वेळा ओरडतो. चौथ्या वेळेला कोणीतरी एक जण उपकार केल्यासारखा उठतो आणि मीठ टाकतो. इतकी वर्षं माझी उसळ अशीच होत आली.

तर मी सवयीने ओरडलो. “मीठ घाला रे! अरे मीठ! मीठ टाकलं की नाही? मीऽऽठ!”

मला काय माहीत, सुलभाची पोरं पहिल्या हाकेला ऐकतात म्हणून!

आणि दुसऱ्या हाकेला पण ऐकतात. तिसऱ्याला पण. चौथ्याला पण. शिक्षक बोलले की करायचं, उलट विचारायचं नाही, अशी शिस्त!

दुसऱ्या ओट्यावर एक मुलगी होती, तन्वी. दोन वेण्या, डोळे असे की पावशेर मटकीतला खडा इथून शोधेल. तिने हात वर केला.

“सर, चाखून बघू का?”

“चाखून?” मी एकदम दचकलो. “अगं ए! नैवेद्याच्या आधी चाखतात का? उष्टं होतं! आचारी कधी चाखत नाही. आचारी वासावरून ओळखतो.”

“पण बाई म्हणतात चाखायचं, सर. वेगळ्या चमच्याने.”

“बाईंचा आवाज गेलाय. आता माझा चालू आहे.”

“पण सर, इथे नैवेद्य कोणाला?”

“ट्रस्टींना!”

तिने हात खाली घेतला. पण ओट्याकडे वळली नाही. उभीच. मग म्हणाली, “सर, सांगू का? आमच्यात चार चमचे मीठ पडलंय.”

“चार कसे?”

“तुम्ही चार वेळा सांगितलंत.”

मी सगळ्या वर्गाकडे बघितलं. “कोणाकोणात चार पडले?”

आठही ओट्यांवरून हात वर! पाचव्या ओट्यावरचा एक लंबू म्हणाला, “सर, आमच्यात पाच. मला वाटलं तुम्ही चौथ्यांदा जरा जास्त जोरात बोललात.”

जिन्यावर बुटांचे आवाज. फळ्यावर ‘मीठ कमी, पोषण जास्त’. आणि शेगड्यांवर आठ भांडी अरबी समुद्र! माझ्या बहिणीची खोली माझ्या डोळ्यांसमोर फुटायला लागली. खरंच सांगतो, लग्नात पंगत बसलेली आणि वरण संपलेलं असताना पण मी असा घाबरलो नव्हतो.

पण आचारी म्हणजे आचारी. खारट झालं तर काय करायचं? वाढवायचं! तिखट झालं तर? वाढवायचं! आम्हाला दुसरा उपाय माहीतच नाही.

“टोप आणा!” मी ओरडलो. (एकदाच. शिकलो होतो तेवढं.) चाळीस पोरं टोपाला भिडली. मोठी शेगडी पेटली. आठही भांडी त्यात उलटी केली. टेंपोतली उरलेली सगळी मटकी ओतली. कोशिंबिरीसाठी आणलेले टोमॅटो होते ते पण गेले. शाळेच्या कॅन्टीनवाल्याकडून पोरांनी उकडलेले बटाटे पळवून आणले, तो मागून ओरडत आला, “अरे माझ्या वड्यांचे आहेत ते!” तो पण टोपाजवळ येऊन थांबला आणि घाबरून परत गेला. उसळ टोपाच्या काठाला लागली. मी झारा दोन्ही हातांनी फिरवतोय, पोरं टाळ्या वाजवतायत, खोलीत वाफ अशी की डाळींची चित्रं दिसेनात!

दार उघडलं. आधी दळवी मॅडम. मागे मुख्य ट्रस्टी, कोरगावकर साहेब. पांढरा शर्ट, पांढरे केस, हातात काठी. त्यांच्या मागे सुलभा.

सुलभाने टोप बघितला. तोंड उघडलं. ‘फुस्स’.

“हे काय चाललंय?” दळवी मॅडम म्हणाल्या. “शाळेत कोणाचं लग्न आहे का?”

“सामुदायिक स्वयंपाक, मॅडम!” मी म्हटलं. “आता होतंच आलं बघा.”

आणि टोप असा भरलेला, रटरटणारा, समोर पाहुणे, हातात झारा. मला वाटलं मी हॉलात आहे. वीस वर्षांची जीभ, ती काय माझं ऐकते? ती आपोआप सुटली :

“चला, मीठ घाला रे!”

मी दोन्ही हातांनी तोंड दाबलं. पण पोरांनी पहिल्याच हाकेला ऐकलं! आठ ओट्यांवरून आठ चमचे आले. आणि तो पाचव्या ओट्यावरचा लंबू अख्खी बरणी घेऊन आला, कारण त्याच्या मते टोप मोठा होता. सुलभा लांबून दोन्ही हात हलवत होती, नको नको म्हणून. पोरांना वाटलं बाई ‘शाब्बास’ म्हणतायत.

वाट्या भरल्या. कोरगावकर साहेब म्हणाले, “मला डॉक्टरने मीठ कमी सांगितलंय. तुमचा विषय बघून बरं वाटलं.” आणि त्यांनी मोठा चमचा तोंडात घातला.

मी देव आठवले. जेवढे येतात तेवढे.

साहेबांचा चेहरा आधी पांढरा झाला, शर्टाच्या रंगाशी एकदम जुळला, मग लालबुंद झाला. त्यांनी पाणी मागितलं. प्यायले. अजून मागितलं. तन्वीने तिची बाटली दिली, ती संपवली. मग रुमालाने डोळे पुसून त्यांनी विचारलं,

“हे कोणी केलं?”

चाळीस बोटं माझ्याकडे! एक पण पोर इकडे तिकडे नाही. शिस्त!

सुलभा भिंतीला टेकली. तिचे डोळे भरले. मला वाटलं, आता धरणी फाटली तर टोपासकट जाईन.

साहेब पोरांकडे वळले. आवाज कडक. “तुमचा तास ना हा? मग सांगा, काय चुकलं?”

मग तन्वीचा हात वर. “खरं सांगू, सर?”

“खरंच सांग.”

“पहिलं, चाखलं नाही. मोठ्या माणसाला दिवसाला एक छोटा चमचा मीठ पुरतं, ते पण सगळं मिळून. इथे एका वाटीत त्याच्यापेक्षा जास्त असेल.”

लंबू म्हणाला, “दुसरं, सरांनी शिजवायचं पाणी ओतून टाकलं. पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वं त्याच्याबरोबर गटारात गेली.”

“सोडा टाकला!” मागच्या ओट्यावरून एक मुलगी. “सोड्याने ब जीवनसत्त्व मरतं. बाईंनी सांगितलंय, भिजवलेल्याला सोडा लागतच नाही.”

“तेल करपल्यावर फेकलं नाही, त्यातच दुसरं ओतलं!”

“टोमॅटो कोशिंबिरीचे होते. आता ताटात कच्चं काहीच नाही!”

“बटाटे घातले! बटाट्यात पण पिष्टच, मग वर भाकरी कशाला?”

“चमचा जमिनीवर पडला, तोच पुन्हा वापरला!” (हे मला वाटलं होतं कोणी बघितलं नाही.)

“आणि सरांनी नखं कापलेली नाहीत!”

बापरे! पोलीस स्टेशनात पण एवढे गुन्हे एकदम लावत नाहीत. मी टोपामागे सरकत सरकत फक्त डोकं वर ठेवून उभा. पोरं थांबेचनात. मला वाटलं आता माझ्या लहानपणापासून सुरू करतात.

कोरगावकर साहेबांनी हात वर करून थांबवलं. चेहऱ्यावरची लाली उतरली होती. “एवढं सगळं तुम्हाला कोणी शिकवलं?”

चाळीस बोटं सुलभाकडे!

साहेब काठी टेकत तिच्यापुढे गेले. “बाई, माझी नातवंडं पाकिटावरचं वाचल्याशिवाय खातात, आणि वाचलं तरी त्यांना काही कळत नाही. ओट्यांना कोणी हात लावणार नाही.” मग माझ्याकडे वळून बघितलं. “ही खोली काढली तर ही मुलं असल्या माणसांच्या हातचं जेवून मोठी होतील.”

दळवी मॅडमनी टाळ्या वाजवल्या, पोरांनी ओटे बडवले. सुलभा रडत रडत हसत माझ्याकडे आली. मला वाटलं पाया पडते. तिने माझ्या हातातला झारा काढून घेतला आणि लांब ठेवला.

उरलेली उसळ टोपासकट आमच्या घरी आली. मनीषाने ती धुतली. हो, उसळ धुतली! तीन पाण्यांनी! मग थोडी थालीपिठात, थोडी पराठ्यात, थोडी कटलेटात. घरात बरेच दिवस मीठ आणावं लागलं नाही. आई एकच घास खाऊन म्हणाली, “समुद्र गावाक ठेवून इलंव म्हणान वाटला होता, हो मेलो हय घेऊन इलो.”

पण मी मनातून खूश. मनीषाला सारखं सांगत होतो, “बघ, मी चुकलो म्हणून तर पोरांना बोलता आलं. उसळ चांगली झाली असती तर साहेब खाऊन, ढेकर देऊन गेले असते आणि ओटे फुटले असते. म्हणजे खोली वाचवली कोणी?”

ती म्हणाली, “ओढणी कुठे आहे माझी?”

आणि बघा, आठ दिवसांनी खरंच दळवी मॅडमचा फोन! स्वतःचा! “सावंत, जरा शाळेत येऊन जा. तुमच्याकडे काम आहे.”

मी इस्त्रीचा शर्ट घातला. नखं कापली. खिशाला पेन लावलं. सुलभाचा आवाज आला होता, ती बाजूच्या खुर्चीवर खाली मान घालून बसलेली. खांदे हलत होते.

“सावंत,” दळवी मॅडम म्हणाल्या, “मार्चमध्ये नववीची प्रात्यक्षिक परीक्षा आहे. तुम्ही याल का?”

माझी छाती आपोआप पुढे आली. “येतो की, मॅडम! परीक्षक म्हणून ना? काय काय तपासायचं?”

“तुम्ही काही तपासायचं नाही हो. तुम्ही फक्त नेहमीसारखा स्वयंपाक करा. चुका मुलं शोधतील.”